गोल्फच्या बॅगेचं बूड आणि सगुणचे पाच दिवस

एका माणसाखेरीज आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि ती राहून जाईल. तो आवाज मला ऐकू आला होता. मशीनच्या तोंडातून वितळलेला नायलॉन बाहेर येताना तडतडत होता, तेलात मोहरी तडतडावी तसा. त्याचा अर्थ मला पक्का ठाऊक होता. तरी मी मशीन बंद केलं नाही. ते पाप माझ्याबरोबर काम करणाऱ्या सगुणच्या नावावर गेलं, आणि हातच्या कामासाठी ओळखला जाणारा एक माणूस निष्काळजी ठरला. माझ्या बायकोला वाटतं मी स्वभावानेच अबोल. तसा आहेच. पण गेली काही वर्षं त्या अबोलपणाची मला फार सोय झाली.

आता हे नीट कळायचं तर आधी बूड समजून घ्यावं लागेल.

माझा धंदा बुडांचा. बॅगांची बुडं. डिचोली तालुक्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता आणि मी पेडण्याहून दोन बस बदलून रोज येजा करायचो. आधी आम्ही खाणीवरच्या मेकॅनिकांसाठी हत्यारांच्या पिशव्या शिवायचो. खाणी थांबल्या, मेकॅनिक घरी बसले, पिशव्या कुणाला विकणार? तेव्हा मालकांनी कुठूनतरी परदेशी काम मिळवून आणलं: गोल्फच्या बॅगा. नमुन्याची पहिली बॅग आली तेव्हा सगळा शिलाई विभाग भोवती जमला. माझ्या कमरेच्या वर उंची, अंगभर खिसे, पुढे दोन लोखंडी तंगड्या. शिलाईतल्या एक बाई म्हणाल्या, "ह्येच्यात दोन पोरां बसतली." दुसऱ्या म्हणाल्या, "आणि वर छत्री लावूक जागा आसा. माका शाळेक व्हयी होती अशी."

मी तोवर गोल्फ टीव्हीवरच पाहिला होता, तोही चॅनल बदलताना. मी बॅग उचलली आणि उलटी केली. सवयच ती. बसमध्येसुद्धा मी समोरच्याच्या चपलेची टाच बघत असतो. टाच कुठल्या बाजूने झिजली त्यावरून माणूस कसा चालतो ते कळतं. बॅगेचंही तसंच. तोंड बघून बॅग घेतात, पण ती मरते बुडातून.

ज्यांना या खेळाशी काही देणंघेणं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॅगेत चौदा काठ्या असतात. त्या मूठ खाली आणि लोखंड वर अशा ठेवतात. म्हणजे खेळाडू दर वेळी काठी परत टाकतो तेव्हा तिची मूठ आतून बुडावर आदळते. चौदा मुठी, दिवसभर, एकाच वाटीत. बाहेरून जमीन घासते: ओली माती, वाळू, गाडीरस्त्याची खडी. शिवाय त्या दोन तंगड्या. बॅग जरा तिरकी टेकवली की बुडाची एक कड दबते, ती दबली की आतली तार वर सरकते आणि तंगड्या पुढे पसरून बॅग बकरीसारखी उभी राहते. म्हणजे हे बूड नुसतं बूड नाही, ते बटणही आहे. ते मजबूत हवं, पण एका कडेला हलतंही हवं. मला ही भानगड पहिल्या दिवशीच आवडली. दगडासारखं मजबूत काय कुणीही करील. हलणारं मजबूत कसं करायचं?

परदेशी गिऱ्हाइकाची तक्रार एकच होती: जुन्या कारखान्याची बुडं फार दिवस टिकत नाहीत. का, ते त्यांनी कळवलं नव्हतं. त्यांना बहुधा माहीतच नव्हतं. मी मॅनेजरसाहेबांना म्हटलं, मला वापरलेल्या बॅगांची बुडं बघायची आहेत. ते म्हणाले, "नवीन बनवायची आहेत ना रे? जुनी बघून काय करणार?" पण परवानगी दिली.

दक्षिण गोव्यात एका मोठ्या हॉटेलचं छोटं मैदान आहे. तिथे खेळाडूंच्या बॅगा वाहून नेणारी माणसं असतात, त्यांना कॅडी म्हणतात. त्यातला सांतान नावाचा, माझ्याच वयाचा कॅडी मला बॅगांच्या खोलीत घेऊन गेला. मी एकेक बॅग उलटी करून बघायला लागलो. फोटो काढले, मापं घेतली. सांतान दारात उभा राहून हसत होता. त्याने बाहेर जाऊन दुसऱ्याला सांगितलेलं मला ऐकू आलं: "आरे, हो मनीस बॅगांची कुलां पळयता!" म्हणजे हा माणूस बॅगांचे कुल्ले बघतोय.

पण काय सांगू, त्या खोलीत मला जे दिसलं त्याने मी सगळा दिवस जेवण विसरलो. झीज सगळीकडे सारखी नव्हतीच. जवळपास प्रत्येक बुडाची एकच कड खाल्लेली होती, आणि तीही तंगड्यांच्या विरुद्ध बाजूची, जरा उजवीकडे. असं का व्हावं? खेळाडू सगळे वेगळे, बॅगा वेगळ्या कंपन्यांच्या. मी सांतानला म्हटलं, तू बॅग खाली कशी ठेवतोस ते दाखव. त्याने अगदी अलगद, बाळाला पाळण्यात ठेवावं तशी ठेवली. मी म्हटलं, अशी नको. साहेब बघत नसताना ठेवतोस तशी ठेव.

तेव्हा तो खरा हसला. म्हणाला, "सायबा, तुमी बॅग दवरतात. आमी उडयतात." तुम्ही ठेवता, आम्ही टाकतो. आणि त्याने उजव्या खांद्यावरचा पट्टा सोडला. बॅग त्याच्या पाठीवरून घसरली आणि बुडाच्या त्याच एका कडेवर आदळून मग सरळ झाली. झीज तिथेच होती. बॅग बनवणाऱ्यांनी बॅग उभी राहते असं धरलं होतं. ती उभी राहण्याआधी पडते, हे कुणी बघितलंच नव्हतं.

तिथेच मला वास्कोचे एक निवृत्त गृहस्थ भेटले, बंदरात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या बॅगेला चांभाराने स्कूटरच्या टायरचा तुकडा शिवला होता, नेमका त्याच कडेवर. मी कौतुक केलं तर ते चिडले. "कौतुक काय करता? तुम्ही लोक नीट बनवत नाही म्हणून मला चांभाराकडे जावं लागतं. वर तो मला विचारतो, साहेब, ह्या कसल्या बुटाचा तळवा?" मी त्या टायरचं माप घेतलं. तेही त्यांना आवडलं नाही.

परत आल्यावर पहिला नमुना केला तो फसला. मी विचार केला, झिजतं तिथे जाड करू. कडेची भिंत दुप्पट जाड केली. साच्यातून निघालं तेव्हा वरून गुळगुळीत, पण जाड जागी खळगा पडलेला, आणि कापून बघितलं तर आत पोकळ फुगे. प्लास्टिक जाड जागी सावकाश निवतं. बाहेरचं आधी घट्ट होतं आणि आतलं आकसून स्वतःलाच फाडतं. जाड म्हणजे मजबूत नव्हे, हे मला पन्नाशीजवळ येताना कळलं. उपाय असा की भिंत पातळच ठेवायची आणि पाठीमागून पट्ट्या द्यायच्या, पानाला शिरा असतात तशा. भिंत तीन मिलिमीटर तर पट्टी दीडची. पट्टी भिंतीला मिळते तो कोपरा कधीही टोकदार ठेवायचा नाही, गोल करायचा. चीर नेहमी कोपऱ्यातून निघते. शिलाईचा दोरा जमिनीला लागू नये म्हणून बाहेरून एक चर ठेवायचा, दोरा त्यात लपवायचा. आत मुठी आदळतात तिथे रबराची चकती. आणि झिजणाऱ्या कडेला वेगळी टाच, झिजली की स्क्रू काढून बदलता येईल अशी.

चाचणीला यंत्र नव्हतं. मी बॅगेत लोखंडी सळ्या भरल्या, ती स्कूटरच्या मागे दोरीने बांधली आणि कारखान्यामागच्या चिऱ्यांच्या रस्त्यावरून ओढत नेली. काजूच्या बागेतून एक आजोबा बाहेर आले. "रे बाबा, कोण मेलो?" मी म्हटलं, कुणी नाही आजोबा, पिशवी आहे, मजबूत आहे का बघतोय. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मजबूत आसा काय नाय ता पिशयेक इचार. तू मात्र मजबूत दिसनस नाय." दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून विचारायला आले, पिशवी टिकली का म्हणून. टिकली नव्हती. त्यानंतर ते रोज यायचे.

इथे सगुण येतो.

सगुण आमच्या नमुना विभागात प्लास्टिक ओतायचं मशीन चालवायचा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याचे आजोबा दोडामार्गाकडून खाणीत कामाला आले आणि शिरगावात राहिले. सगुणही आधी खाणीवर माल वाहणाऱ्या पट्ट्यांच्या दुरुस्तीला होता. शिकलेला फार नाही, पण नायलॉनबद्दल त्याला जे कळत होतं ते मला पुस्तकातून कळलं नव्हतं. बुडासाठी आणि टाचेसाठी मी काचेचे तंतू मिसळलेला नायलॉन निवडला होता. हा माल पांढऱ्या दाण्यांत येतो आणि हवेतलं पाणी पितो. आपल्याकडची चैत्र-वैशाखातली दमट हवा म्हणजे त्याला मेजवानी. पाणी प्यायलेले दाणे तसेच वितळवले तर आत वाफ होते आणि नायलॉन आतून तुटतो. वस्तू दिसायला ठीक असते, फक्त अंगावर रुपेरी रेघा उठतात, आणि मारली की बिस्किटासारखी मोडते. म्हणून दाणे ओतण्याआधी भट्टीत चार तास सुकवायचे. गंमत पुढे आहे. तयार झालेल्या वस्तूला मात्र परत पाणी पाजावं लागतं, तरच ती लवचीक होते. सगुण तयार बुडं कोमट पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचा. "आधी उपास, मगे जेवण," म्हणायचा. "उलटा केलास तर कोप."

मशीन साच्याला लावण्याआधी तो थोडा माल तोंडातून नुसताच बाहेर सोडायचा आणि कान लावून ऐकायचा. सुका माल मधासारखा गुपचूप येतो. ओला माल फेसाळतो आणि तडतडतो. "फोडणी आयाकलास तर थांबायचा," त्याने मला शिकवलं होतं. "घड्याळ चार तास म्हणता, तेचा काय खरा नाय. भट्टी मधीच बंद पडता. कानाक विचार."

सगुण धोंड होता. बाहेरच्या वाचकांसाठी: शिरगावात देवी लईराईची जत्रा भरते तेव्हा व्रत धरणाऱ्यांना धोंड म्हणतात. जत्रेआधीचे दिवस ते घरापासून वेगळे, झोपडीत राहतात, तळ्यावर आंघोळ, स्वतः शिजवलेलंच खातात, आणि शेवटी निखाऱ्यांवरून चालतात. डिचोलीच्या कारखान्यांत त्या आठवड्यात निम्मी मशीनं गप्प असतात.

त्या वर्षी सगुणची रजा संपली होती. घरात आजारपण झालं होतं. बिनपगारी रजा घेतली असती तर त्याच वर्षी कायम होण्याच्या यादीतून त्याचं नाव गेलं असतं. आमच्याकडे अशा वेळी विभागप्रमुख हळूच हजेरी लावून टाकत. ही चोरी कुणालाच चोरी वाटत नसे. उलट देवीच्या कामाला आपलाही हात लागला, असं वाटे. नमुना विभागाचं मस्टर माझ्याकडे होतं. मी सगुणला म्हटलं, "पाच दिवस तू हजर. निवांत जा."

त्याने मस्टरकडे पाहिलं. मग म्हणाला, "उल्हास, व्रताच्या दिसांची खोटी हजेरी? बरा दिसना नाय."

"देवीला मस्टर दिसत नाही," मी म्हटलं. मला ते फार विनोदी वाटलं होतं.

तो हसला नाही. पण नकोही म्हणाला नाही. जाताना दारात थांबून एवढंच बोलला, "मी येयपर्यंत मशीनीक हात लावू नको."

तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी साचा आला. साचेवाल्याने माझ्या नव्या पट्ट्यांचा भाग दहा दिवस आधीच पाठवला. मी लाकडी खोका उघडला आणि माझं चित्र पोलादात कोरलेलं बघितलं. कितीतरी महिने जे बूड डोक्यात फिरत होतं ते आता एका दाबावर हातात येणार होतं. गिऱ्हाइकाला पन्नास नमुने पाठवायचे होते, पण त्याची मुदत अजून लांब होती. मला कुणीही घाई केली नव्हती. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण मनात मी अनेकदा मॅनेजरसाहेबांना घाई करायला लावली आहे. त्यांनी केली नव्हती. मला फक्त बघायचं होतं. कसं निघतं ते बघायचं होतं.

मी दाणे भट्टीत घातले. दीड तासाने वीज गेली. वीज आली तोवर मी साचा बसवून तयार होतो. परत चार तास थांबायचं? मी माल बाहेर सोडला. तडतडला. मी वाकून बघितलं, फेस होता. मला सगुणचं वाक्य आठवलं. अगदी शब्दन् शब्द. मग मी स्वतःला म्हटलं, माझ्या पट्ट्या आहेत, थोडं कमीजास्त चालेल. आणि साचा मिटला.

पहिलं बूड निघालं तेव्हा मी ते पोराला उचलावं तसं दोन्ही हातांनी उचललं. अजून गरम होतं. सगळ्या शिरा सुरेख उतरल्या होत्या. अंगावर रुपेरी रेघा होत्या, पण मला त्या दिसल्या नाहीत, किंवा मी त्या पाहिल्या नाहीत. त्या दिवशी मी साठ ओतली. टाकीतही नीट बुडवली नाहीत. प्रत्येक खोक्याला एक कार्ड लागतं: माल कुठला, तारीख काय, मशीन कुणी चालवलं. मस्टरमध्ये त्या दिवशी मशीनवर सगुण हजर होता. मी माझं नाव लिहिलं असतं तर लगेच प्रश्न आला असता, मग सगुण कुठे? म्हणून कार्डावर मी सगुणचं नाव लिहिलं. त्याच्याच भल्यासाठी, असं तेव्हा खरंच वाटलं. आणि सगळ्या गोष्टी जमून आल्या म्हणून ती साठातली पन्नास बुडं बॅगांना शिवून मी लवकर रवानाही करून टाकली.

सगुण परतला तेव्हा त्याला मी नवीन बूड दाखवलं. त्याने ते उजेडात धरलं. रेघांवरून बोट फिरवलं. "कोणी काढला?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "निघाली कशीतरी." तो बूड खाली ठेवून मशीन पुसायला लागला.

दोनेक महिन्यांनी एक पेटी परत आली. आत टाचेच्या कडेला मोडलेली बुडं. गिऱ्हाइकाने कमरेइतक्या उंचीवरून बॅग पाडून बघितली होती, पहिल्याच पडण्यात कड उडाली. मॅनेजरसाहेबांनी मला कारण लिहून मागितलं. मी भिंगाखाली तुकडे बघितले. बघायची गरज नव्हती. अहवालात मी लिहिलं: आराखड्यात दोष नाही, माल पुरेसा न सुकवता ओतल्यामुळे वस्तू ठिसूळ झाली. हे वाक्य मला अजून पाठ आहे. त्यातला एकही शब्द खोटा नाही. इतकं खरं वाक्य मी आयुष्यात दुसरं लिहिलं नसेल, आणि त्याच्याइतकं खोटंही.

केबिनमध्ये आम्ही तिघे होतो. साहेबांनी कार्ड पुढे सरकवलं. "सगुण, नाव तुझं, मस्टरमध्ये तू हजर. दाणे सुकवले नव्हतेस?"

सगुणने कार्डाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मी टेबलावरचा तुटलेला तुकडा हातात घेऊन फिरवत होतो.

"चूक झाली साहेब," तो म्हणाला.

"तुझ्याकडून? तू दुसऱ्यांना शिकवतोस ना रे?"

"झाली."

त्याला मशीनवरून काढून पॅकिंगला घातलं. कायम होण्याच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. चार-पाच महिने त्याने खोक्यांना पट्ट्या मारल्या, मग एक दिवस आला नाही. दाणे नीट सुकवून तीच बुडं पुन्हा ओतली तेव्हा एकही मोडलं नाही. गिऱ्हाइकाने मोठी ऑर्डर दिली. मालकांनी सगळ्यांसमोर माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "उल्हासच्या बुडावर कारखाना उभा आहे." सगळे हसले. मीही हसलो.

पुढे तो कारखाना दुसऱ्यांनी घेतला, मी घरूनच चित्रं काढून देऊ लागलो. आजही कुणी नवीन बॅग पाठवली की मी ती आधी उलटी करतो, आणि उत्सुकता अजून तेवढीच असते. हे बरं की वाईट ते मला ठरवता येत नाही. त्या उत्सुकतेनेच सांतानची टाकलेली बॅग मला दिसली, आणि त्या दिवशी मशीन बंद करू दिलं नाही तेही तिनेच.

गेल्या वर्षी डिचोलीच्या बाजारात सगुण भेटला. केस पिकलेले, हातात पिशवी. "घराकडे चल," म्हणाला. इतक्या वर्षांत मी त्याच्या घराकडची वाट टाळली होती. त्या दिवशी नाही म्हणता आलं नाही.

घरात त्याची मुलगी मीनल होती. मी तिला शाळेच्या गणवेशात पाहिलं होतं. आता ती डिप्लोमा करून प्लास्टिकच्याच एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. तिने चहा आणला, सोबत गरम पाव. मी बाबांबरोबर काम केलंय हे कळल्यावर तिला आनंद झाला.

"काका, मगे तुमका आठावत असतला. बाबांनी एकदा दाणे न सुकवता लॉट काढलेलो."

मी कप खाली ठेवला.

"आमच्याकडे नवीन कोण इलो की मी पैल्या दिसाक ह्या सांगतंय," ती म्हणाली. "माझ्या बापाशीसारखो हुशार माणूस, एक दीस आळस केल्यान आणि सगळा गेला. नाव सांगून सांगतंय. म्हणजे लोकांक खरा वाटता. होय ना ओ बाबा?"

"होय," सगुण म्हणाला. "चाय थंड जाता, उल्हास."

मीनलची कामावरची पाळी सुरू होणार होती, ती निघाली. स्कूटरचा आवाज लांब गेला. आणि मग मी सांगितलं. काय शब्द वापरले ते आठवत नाहीत. तडतडलेलं मी ऐकलं होतं, एवढं मात्र सांगितलं.

सगुण म्हणाला, "माका माहीत आसा. कार्डावरचा अक्षर तुझा. मी काय तुझा अक्षर वळखना नाय?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मी शिरगावात होतंय म्हणू? व्रताक बसलेलंय आणि हकडे हजर होतंय, ह्या सांगू साहेबाक? तुका मी ‘बरा दिसना नाय’ म्हटलंय, पण ‘नको’ म्हटलंय नाय. माका वाटला, ही देवीन धरलेली माझी चूक. तुझी तू बघ." त्याने पायांकडे पाहिलं. "त्या वर्सापासून मी धोंड होवक नाय. निखाऱ्यार पाय घालूचो धीर नाय झालो."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं मी त्याचं फक्त मशीन घेतलं.

मी म्हटलं, "मी हे लिहून काढतो. दिवाळी अंकवाले माझ्या मागे लागलेत. सगळं छापून येऊ दे."

सगुण त्या दिवशी पहिल्यांदा हसला. जुन्या सवयीने, तोंडातल्या तोंडात. "अंकात लिव नाय तर भिंतीर लिव. माझ्या चेडवाक अंक वाचूक वेळ खंय? माका लोकांचा काय पडला नाय रे. मीनल जेवा माझा नाव सांगून ती गजाल सांगता, तेवा मान खाली घालून आयाकतंय मी. मी तिका सांगू शकना नाय. मी सांगलंय तर बापूस आता वर्सांनी दुसऱ्यावर ढकलता, असा होतला. तू सांगलंस तर वेगळा."

मी म्हटलं, येतो. रविवारी येतो, ती घरी असेल तेव्हा.

तेव्हापासून कितीतरी रविवार गेले. एकदा मी शिरगावच्या फाट्यापर्यंत जाऊन परतलो. एकदा फोन लावला, तिने उचलला, मी सगुणची तब्येत विचारली आणि ठेवून दिला. हे सगळं लिहायला मला तीन दिवस लागले. तिला सांगायला पाच मिनिटंही लागणार नाहीत, तरी जमलेलं नाही. छापलं म्हणजे सांगितलं, असं मी आता मानणार नाही.

मीनलसमोर बसून, सगुण तिथे असताना, एवढंच म्हणायचं आहे: तो लॉट तुझ्या वडिलांनी ओतला नाही, मी ओतला, कार्डावर त्यांचं नाव मी लिहिलं. हे माझ्याकडून तिला अजून द्यायचं राहिलं आहे.